ब म्हणायचा नाही

गेल्या महिन्यात एका गुरुवारी सकाळच्या कॉलवर आमच्या लॉ फर्ममधली नवीन इंटर्न "डेब्ट्स रिकव्हरी ट्रायब्युनल" (बँकांच्या कर्जवसुलीचं कोर्ट) म्हणाली, डेब्टमधला इंग्रजीत न म्हणायचा ब अगदी ठसठशीत, आणि मी हसले. मोठ्याने नाही हो. ओठाचा एक कोपरा जरा वर गेला असेल, इतकंच. पण कॅमेरा चालू होता, स्क्रीनवर नऊ चौकटी होत्या, आणि त्यातल्या चार-पाच चौकटींत तसाच एकेक कोपरा वर गेलेला मला दिसला, म्हणजे माझाही कुणाला तरी दिसलाच असणार. पोरगी वाचत राहिली. दोन ओळींनंतर परत तो शब्द आला तेव्हा ती जरा अडखळली आणि नुसतं "डीआरटी" म्हणून पुढं गेली.

म्हणजे तिला दिसलं होतं.

त्यात गंमत अशी की आदल्याच दिवशी दुपारी ऑफिसात डायव्हर्सिटी आणि इन्क्लुजनचं सेशन झालेलं. बाहेरून एक बाई आलेल्या, चांगल्या होत्या, मनापासून बोलत होत्या. त्यांना आमच्याकडून तो प्रिव्हिलेज वॉक का काय म्हणतात तो करून घ्यायचा होता, सगळ्यांनी एका रेषेत उभं राहायचं आणि प्रश्नाचं उत्तर हो असेल तर एक पाऊल पुढं यायचं. पण आमच्या कॉन्फरन्स रूममधलं टेबल म्हणजे जुन्या सागवानाचं धूड, भिंत आणि खुर्च्यांच्या मधून माणूस आडवा होऊनच जातो, तिथे पाऊल कुठं टाकणार. मग नुसते हात वर करायचं ठरलं. ज्यांच्या घरात आधी कुणी वकील किंवा जज होतं त्यांनी हात वर करा. निम्म्याहून जास्त हात वर. शाळेत असताना कोण कोण परदेशात जाऊन आलं? परत तेवढेच, आणि जवळजवळ तेच हात. मी दोन्ही हात मांडीवर ठेवून एसीच्या झोतात बसलेली, आणि खरं सांगते, मला लाज वगैरे नाही वाटली, उलट जरा मिरवल्यासारखंच वाटलं की बघा, एकदाही हात वर न करता मी तुमच्याच टेबलाला बसलेय. हा माजच की. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर आला.

शाळा कुठल्या माध्यमात झाली, हा प्रश्न त्या बाईंच्या यादीत नव्हता. जात तर नव्हतीच. बायका, अपंगत्व, एलजीबीटी, मानसिक आरोग्य हे सगळं होतं आणि ते असायलाच हवं, मी त्याची टिंगल करत नाहीये. (तरी एक सांगते, आमच्या बिल्डिंगला लिफ्ट आहे पण लिफ्टपर्यंत सात दगडी पायऱ्या आहेत. मागे एक क्लायंट व्हीलचेअरवर आले तर वॉचमन आणि खालच्या पानवाल्याने त्यांना खुर्चीसकट उचलून आणलं, आणि ते गृहस्थच सारखे सॉरी सॉरी म्हणत होते. हेरिटेज आहे म्हणे.) सेशन चालू असताना आमचे कोर्ट क्लार्क मामा प्रिसिपीवर, म्हणजे कोर्टात द्यायच्या विनंतीच्या चिठ्ठीवर, सही घ्यायला आत आले. सावंतवाडीकडचे, तीसेक वर्षं हायकोर्टाच्या रजिस्ट्रीत घासलेली, कुठल्या खिडकीवर कुठलं ऑब्जेक्शन कसं निघतं हे त्यांच्याइतकं आमच्या पार्टनरांनाही माहीत नाही. मामांनी स्क्रीनवरची रंगीत अक्षरं वाचली आणि मला हळूच विचारलं, "मॅडम, ह्यां आमच्यासाठी पण हा काय?" मी म्हटलं, नाही मामा, वकिलांसाठी आहे. "बरां," म्हणाले आणि सही घेऊन गेले.

आता डेब्टचं. चूक आहे का, तर आहे. पण आमच्या बार्शीत मी 'डेट' असं म्हणणारा माणूस ऐकलेला नाही. वडील तहसीलसमोर बॉण्ड रायटर, पत्र्याची टपरी, मराठी टाइपरायटर आणि स्टॅम्पपेपरची चळत. त्यांच्या टेबलाखाली बसून मी अभ्यास केलाय, वरून खरेदीखतं, गहाणखतं, हक्कसोडपत्रं यांचा टकटकाट. तिथे सगळं कर्जच होतं, फार तर लोन. कोर्टात वकील युक्तिवाद मराठीत करायचे, मध्येच एखादा इंग्रजी शब्द जसा लिहिलाय तसा उच्चारायचे, जजसाहेबही तसाच उच्चारायचे, आणि न्याय व्हायचा तसा होत राहायचा. शिवाय मुंबईत वकिलाच्या तोंडी 'डेट' म्हणजे तारीख. डेट पडली, डेट घेतली, पुढची डेट काय, हे दिवसातून पन्नास वेळा. तेव्हा कर्जाला डेब्ट म्हणणं हे खरं तर सगळ्यांच्याच सोयीचं आहे. पण ते सोयीचं आहे म्हणून कुणी बरोबर धरत नाही.

मी २०१३ ला फोर्टात आले. तोंडावर कुणी हसलं नाही, हे आधीच सांगते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल मोठा छळ झाला. तिथली पद्धत फार सभ्य. मी 'सब-पोएना' (साक्षीचं समन्स) म्हटलं की समोरची सिनियर पुढच्याच वाक्यात तो शब्द सहज, बरोबर उच्चारून वापरायची, सपीना, जसं काही झालंच नाही. चारचौघांत चूक दाखवली नाही म्हणून आभार मानावेत असंच ते. पण माझी कानशिलं तापायची. मग मी एक दोनशे पानी वही केली आणि त्यात देवनागरीत लिहायला लागले. सटल, ब म्हणायचा नाही. रिसीट, प म्हणायचा नाही. इन्डाइट, क म्हणायचा नाही. डेट, ब म्हणायचा नाही. डोंबिवलीच्या लोकलमध्ये दाराशी उभं राहून मी ती वही पाठ करायची, शेजारच्या बायकांना वाटायचं स्तोत्र म्हणतेय, एकीने तर विचारलंसुद्धा, कोणत्या देवीचं गं.

आणखी एक फर्स्ट नेमचं. पहिल्याच दिवशी सांगितलं, इथे सर-मॅडम काही नाही, आपण सगळे सारखे, नावाने हाक मारायची. ऐकायला किती छान. पण माझ्या बापाहून मोठा माणूस, अर्धं टक्कल, अर्ध्या चष्म्यातून बघणारा, त्याला मी नुसतं नावाने हाक मारू? जीभच उचलायची नाही. सर म्हटलं की सगळे गोड हसायचे, नाव घ्यावं तर आईचा चेहरा डोळ्यांसमोर. शेवटी मी त्यांना दोन वर्षं हाकच मारली नाही. केबिनच्या दारात जाऊन उभी राहायची, ते वर बघेपर्यंत. त्या वर्षीच्या अप्रेझलमध्ये लिहून आलं की कामात चोख आहे पण जरा पुढं येऊन बोलायला शिकलं पाहिजे. सगळे सारखे आहेत हे ज्यांना आधीपासून माहीत असतं ना, त्यांना नावाने हाक मारणं सोपं जातं.

माझं नशीब उघडलं ते पनवेलजवळच्या एका जमिनीने. मोठा प्रोजेक्ट, टायटल रिपोर्ट, म्हणजे जमिनीची मालकी निर्वेध आहे का याचा अहवाल, द्यायचा, आणि सातबारे, फेरफार यांचा ढीग, काही तर हाताने लिहिलेले, तलाठ्याचं अक्षर म्हणजे पावसात भिजलेल्या मुंग्या. बाहेरून भाषांतर करून आणलेलं होतं. त्यात इतर हक्काच्या रकान्यात 'कु. का. क. ४३ चे बंधनास पात्र' असं होतं, ते भाषांतरवाल्याने 'के. के. के. ४३' म्हणून जसंच्या तसं ठेवून दिलेलं, आणि तीन आठवडे त्यावरून सगळ्यांची नजर नुसती सरकत होती. मी दारात उभी राहिले, सरांनी वर बघितलं, आणि मी सांगितलं की हे कुळ कायदा कलम ४३ आहे, १९४८ च्या कायद्यात कुळाने ३२ग खाली विकत घेतलेली जमीन, तेव्हाच्या नियमाने परवानगीशिवाय विकता यायची नाही, आणि ती परवानगी या फाईलीत कुठंच नाहीये. खोलीत अशी शांतता झाली की एसीचा थेंब ऐकू यावा. त्या दिवसापासून कुठलाही मराठी कागद आला की माझ्या टेबलावर. 'व्हर्नाक्युलर डॉक्युमेंट्स' म्हणतात त्याला. महाराष्ट्राच्या राजधानीत बसून मराठी कागद व्हर्नाक्युलर! पण मी त्यावर कधी भांडले नाही, कारण माझी नोकरी त्या शब्दावर उभी होती. बापाच्या टेबलाखाली फुकट शिकलेली गोष्ट इथे तासाच्या दराने विकली जात होती, तक्रार कशाला करू. फक्त एवढंच व्हायचं की कागद मी वाचायचा, मुद्दा मी काढायचा आणि क्लायंटसमोर तो दुसरंच कुणी बोलायचं, ज्याच्या इंग्रजीला कुठलं गाव नाही असं कुणीतरी.

असंच एकदा मावळातल्या एका फाईलीत मी मोठ्याने वाचत गेले आणि फेरफारात आलं 'महार वतन'. मी वाचलं. टेबलाला सहा-सातजण होतो. म्हणजे सातबारा वाचताना जात येतेच, आदिवासी खातेदार येतो, वतन येतं, इनाम येतं, जमिनीच्या कागदाला असले संकोच नसतात. पण त्या खोलीत कुणी पाणी प्यायलं, कुणी फोन बघितला, आणि आमची सिनियर हलक्या आवाजात म्हणाली, रिपोर्टमध्ये आपण 'इनाम वर्ग ६ ब' लिहू या. बरोबरच होतं ते, कायद्यातला शब्द तोच आहे, १९५८ च्या कायद्याने ती वतनं गेली आणि जमिनी नव्या शर्तीवर परत दिल्या गेल्या, विकायच्या तर कलेक्टरची परवानगी लागते वगैरे. मी खोडून ६ ब लिहिलं. माझ्या शेजारी जो बसायचा, चार वर्षं आम्ही एकाच प्रिंटरच्या नावाने शंख करत आलेलो, तो त्या वेळी समोरचे कागद ठोकून ठोकून त्यांच्या कडा सारख्या करत होता. आधीच सारख्या असलेल्या. संध्याकाळी खाली टपरीवर कटिंग घेताना तो सहज म्हणाला, "आमच्या आजोबांची होती असली सव्वा एकर. ६ ब." मग चहा संपेपर्यंत आम्ही ट्रेनबद्दल बोललो. तो आडनाव लावत नाही, वडिलांचं नाव लावतो, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि का ते मी चार वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. विचारलं नाही हे बरं केलं की वाईट, अजून मला ठरवता येत नाही. माझं आडनाव बार्शीत कुणाला कधी टोचलं नाही आणि इथे कुणाला उच्चारताही येत नाही, त्यामुळे आडनावाचं ओझं म्हणजे नेमकं काय ते मला ऐकूनच माहीत.

मी भाषेने मार खाल्ला म्हणून मला सगळंच कळतं असं मला वाटायचं, ते त्या कटिंगपासून जरा कमी झालं.

ऑफिसातून हायकोर्टात चालत जाताना ती काळपट दगडी इमारत आली की मला हटकून १९२३ हे साल आठवतं. बाबासाहेबांनी त्या वर्षी इथे वकिलीला सुरुवात केली. ओरिजिनल साइडला, म्हणजे थेट हायकोर्टातच दाखल होणाऱ्या दाव्यांत, तेव्हा बॅरिस्टरकडे काम यायचं ते सॉलिसिटरच्या हातून, आणि अस्पृश्य बॅरिस्टरला ब्रीफ द्यायला सॉलिसिटर मंडळी तयार नसायची. ग्रेज इनचा बॅरिस्टर, कोलंबिया आणि लंडनच्या डिग्र्या, आणि मिळकतीला जोड म्हणून बाटलीबॉयच्या अकाउंटन्सी इन्स्टिट्यूटमध्ये मर्कंटाईल लॉ शिकवायला लागला. त्यांना कोर्टाने अडवलं नव्हतं, सनद होती. अडवलं ते याच फोर्टातल्या पहिल्या-दुसऱ्या मजल्यांवरच्या ऑफिसांनी, म्हणजे आमच्यासारख्या फर्म्सच्याच आजे-पणजांनी. आणि त्याच १९२३ ला बायकांना वकिली करू देणारा कायदा झाला. आमच्याकडे दर ८ मार्चला कॉर्नेलिया सोराबजींचा फोटो लावतात, ऑक्सफर्डमध्ये कायदा शिकलेली पहिली स्त्री म्हणून, खाली कपकेक. तिचा जन्म नाशिकचा हे पोस्टरवर कधी नसतं. १८९२ ला परीक्षा दिली आणि रीतसर वकील म्हणून उभं राहायला पुढची तीसेक वर्षं गेली. एकाच सालात दोन दारं उघडली, कागदावर, आणि मी जेव्हा जेव्हा त्या फुटपाथवरून जाते तेव्हा दोघांपैकी कुणाचं दार आधी करकरलं असेल असला काहीतरी फालतू विचार करते आणि सिग्नल चुकतो.

बायकांचं तसं बरं चाललंय आमच्याकडे. खालच्या पायऱ्यांवर मुलीच जास्त. वर जाता जाता कमी होत जातात, त्याचं कारण कुणाला विचारलं तर 'पर्सनल रीझन्स'. कायद्याने २६ आठवड्यांची रजा आहे, मीही घेतली, कुणी एक शब्द बोललं नाही. परत आले तर माझी मॅटर्स वाटली गेलेली, अगदी काळजीने, तुला ताण नको म्हणून. दूध काढायला जागा दिली ती जुन्या फाईलींच्या खोलीत. तो जुन्या कागदाचा आणि ढेकणाच्या औषधाचा वास, आणि पंपाची घरघर, आणि दाराबाहेर मामा राखण करत उभे, कुणी आलं की मोठ्याने म्हणायचे, "आत स्टॉक चेकिंग चलला हा!" सेशनला ज्यांना बोलावलं नाही ते हे मामा.

हल्ली वडील फोनवर सारखे म्हणतात, आता कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच झालं, सोलापूर जिल्हा तिकडंच, ये की परत. ऑगस्ट २०२५ पासून हेच पालुपद. मी म्हणते तिथंही इंग्रजीच बोलावं लागतं अण्णा. ते म्हणतात, हो, पण ऐकणारे आपले असतील. त्यावर काय बोलणार. ऐकणारी मी आपलीच होते की त्या कॉलवर.

तर शुक्रवारी मी त्या पोरीला खाली चहाला घेऊन गेले. परभणी जिल्ह्यातली, जिंतूरकडची. वडिलांचं किराणा दुकान. सॉरी म्हणायचं असं ठरवून गेले होते, लिफ्टमध्ये दोनदा मनात म्हणूनही बघितलं, आणि टपरीवर गेल्यावर तिचं इकडचं तिकडचं, पीजी कुठं, डबा कसा, असलंच विचारत बसले. मग म्हटलं, अगं मीसुद्धा सुरुवातीला डेब्टच म्हणायचे. ती एकदम उजळली. बॅगेतून छोटी डायरी काढली आणि दाखवली. बारीक, सुंदर अक्षर, लाल पेनने रेघ मारलेली. डेट, ब सायलेंट. सपीना. लीन, कंसात लियन, पुढे प्रश्नचिन्ह. "रोज रात्री पाठ करायले मॅडम," म्हणाली. माझी वही तिला सांगावी असं तोंडावर आलं होतं तेवढ्यात तिने विचारलं, "तुम्ही बार्शीच्या ना मॅडम? वाटतच नाही!"

कौतुकानेच म्हणाली ती. आणि मला आधी बरं वाटलं, हे लिहायलाच पाहिजे. नंतर चहा थंड होईपर्यंत ते वाक्य घशाशी बसून राहिलं. बार्शीची वाटत नाही. किती वर्षं घालवली मी हे ऐकायला, आणि आता ऐकल्यावर ते कुठं ठेवायचं ते कळेना. दर उन्हाळ्यात गावी गेलं की चुलती म्हणतेच, किती मुंबईचं बोलायलीस गं, म्हणजे तिकडची तर मी केव्हाच वाटत नाही, आणि इकडची वाटते ती फक्त जिंतूरच्या एका पोरीला.

पुढच्या गुरुवारी परत कॉल. परत नऊ चौकटी, त्यात एक बँकेच्या नागपूर ऑफिसातले साहेब, कॅमेऱ्यात नुसतं कपाळ आणि मागे गणपतीचं कॅलेंडर. तिची पाळी आली. या वेळी तिने ब गिळला, अगदी बेमालूम, आमच्यातल्या कुणाला जमणार नाही इतका. "टोटल डेट ॲज ऑन टुडे इज..."

"कोणती डेट?" साहेबांनी मध्येच विचारलं. "पुढची डेट लागली का? मला कोणी कळवलं नाही!"

सगळे गप्प. म्यूटवर असलेल्या माणसांची असते तशी शांतता. तिने डायरीकडे बघितलं, मग स्क्रीनकडे.

"नाही सर. डेब्ट. कर्ज, कर्ज."

"हां, डेब्ट! मग असं बोला ना ताई."

अठरा कोटी बेचाळीस लाख, तिने सांगितलं, आणि व्याजाचा तक्ता वाचायला लागली. बाकीच्या चौकटींत कोण काय करत होतं मला माहीत नाही. मी तेवढा वेळ माझीच चौकट बघत होते.